अलार्म बसवायला निघण्याआधी: लाइन कोणती, ते बघा

चोरीचा सुगावा लागला की अलार्मचं पॅनल, म्हणजे त्याचा मुख्य डबा, फोनच्या लाइनवरून कॉल करतं. म्हणून लाइन कोणती ते आधी कळायला हवं. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करायचा, पण नुसतं "लँडलाइन आहे का?" विचारून ठेवून द्यायचा नाही. जळगावच्या सराफ बाजारात विचारा नाहीतर सावद्याच्या केळी पिकवायच्या खोलीवर, म्हणजे रायपनिंग चेंबरवर, उत्तर एकच येतं: "शे ना भाऊ, लँडलाइन!" टेबलावर रिसीव्हरवाला फोन दिसतो म्हणजे लँडलाइन, असा त्यांचा हिशोब. म्हणून विचारायचं असं: लाइट गेली की फोन चालतो का? नेट त्याच वायरीतून येतं का? बाहेर फोन लावताना आधी शून्य दाबावं लागतं का? शिवाय फोनची वायर जिथे संपते त्या डब्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा. निम्मा उलगडा त्या फोटोतच होतो.

लाइटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. तांब्याच्या तारांच्या जोडीला, म्हणजे जुन्या लँडलाइनला, वीज एक्सचेंजमधून मिळते, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही साधा फोन वाजतो. फायबरची लाइन घरातल्या ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या विजेवरच्या डब्यावर चालते. लाइट गेली आणि यूपीएस नसला की फोन मुका, आणि त्याला जोडलेला अलार्मही मुका. फक्त गिऱ्हाइकाकडे कॉर्डलेस असेल तर ही खूण फसवी, कारण त्याचा बेस लाइटवरच चालतो. म्हणून पिशवीत एक साधा वायरचा फोन असू द्यावा. मल्टिमीटर, फोनच्या वायरीचे आरजे-११ कनेक्टर, क्रिंपिंगची पक्कड, डीएसएलचा (तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर आणि पॅनलसाठी १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी हे तर नेहमीचंच.

मीटर डीसीवर ठेवून मोजायचं. रिसीव्हर खाली असताना तांब्याच्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट दिसतात, उचलला की ते दहाच्या आसपास उतरतात. मात्र ओएनटीचा फोन पोर्टही जवळपास असेच आकडे दाखवू शकतो, तेव्हा आकड्यावर न थांबता वायर हाताने धरून भिंतीपर्यंत, जमलं तर खांबापर्यंत जायचं. रिंग येत असताना उघड्या तारांना बोट लावू नये, तेव्हा ७५-९० व्होल्ट एसी असतो.

तांब्याची लाइन निघाली तर पॅनल सगळ्या फोनच्या आधी, बाहेरून येणाऱ्या जोडीवरच घ्यायचं. नाहीतर चोराने आतला एक रिसीव्हर उचलून ठेवला की अलार्मचा कॉल अडलाच. त्याच तारेवर डीएसएल असेल तर मोडेमची वाट मोकळी ठेवून पॅनलला स्प्लिटरमधून लाइन द्यायची. जिनिंगमध्ये, मोठ्या गोदामात ईपीएबीएक्स भेटतो, म्हणजे आतल्या फोनांचं छोटं एक्सचेंज; बाहेर फोन लावताना शून्य दाबावं लागतं ते त्यामुळेच. त्याच्या एक्स्टेंशनवर पॅनल लावायचं नाही, त्याच्या आधीची थेट लाइन धरायची.

फायबरवर साध्या ऑटो डायलरचं भागतं, तो रेकॉर्ड केलेला आवाजच ऐकवतो. मॉनिटरिंग सेंटरला टोनमधून कोड पाठवणारं पॅनल मात्र अडखळतं, कारण आवाज दाबून पाठवताना टोन बिघडतात. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी सरळ जीएसएम (सिमवर चालणारं) किंवा आयपीवालं (इंटरनेटवरून कळवणारं) पॅनल न्यावं, आणि ओएनटीला छोटा यूपीएस गिऱ्हाइकाच्या खर्चात आधीच धरावा. तो खर्च नंतर सांगितला की कुरबुर होते.

टेबलफोनच्या पोटात सिम निघालं तर ती लाइनच नव्हे, तिथेही जीएसएम. पण पॅनल फक्त टूजी असेल तर जिओचं सिम चालणार नाही, त्यांचं टूजी नेटवर्क नाही. धडगावकडे, सातपुड्यात जायचं तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम न्या आणि पॅनलच्या जागेवर उभं राहून रेंज बघा. रायपनिंग चेंबरच्या इन्सुलेटेड भिंतीत रेंज मरते, त्यासाठी लांब वायरची अँटेना बरोबर हवी.

निघताना मेन स्विच पाडून एक कॉल करून बघायचा, मालकाच्या मोबाइलवर पोचेपर्यंत. मग पॅनलच्या झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवायची: लाइनचा प्रकार, जोडणी कुठून घेतली, तारीख. गिऱ्हाईक पुढे तांबं काढून फायबर घेतं आणि आपल्याला कळवत नाही, तेव्हा दुरुस्तीला जाणाऱ्या पोऱ्याला आधी तीच लागते.