अकॉस्टिक गिटारला कितीच्या तारा लावाव्यात?

मिरजेत तंबोऱ्याला तार चढवायची तर गाणाऱ्याची पट्टी आधी पाहतात. गिटारच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल तो सेट घरी येतो. मग बोटं दुखायला लागली की शिकणारा स्वतःलाच दोष देतो. बऱ्याचदा दोष तारेच्या जाडीचा असतो.

सगळ्यात आधी गिटार कोणती आहे ते बघा. खालच्या तीन तारा नायलॉनच्या असतील तर ती क्लासिकल गिटार. तिला स्टीलच्या तारा कधीच लावू नका. स्टीलचा ताण जवळजवळ दुप्पट असतो, त्याने ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवायची पट्टी, उखडतो.

स्टीलच्या तारा असतील तर सध्या कितीच्या आहेत ते शोधा. गेज, म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि सेट पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवरून ओळखतात : १० म्हणजे एक्स्ट्रा लाइट, ११ कस्टम लाइट, १२ लाइट, १३ मीडियम. पाकीट हरवलं असेल तर कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून मायक्रोमीटरने तार मोजून घ्या. ०.२५ मिमी भरली तर १०, ०.२८ ला ११, ०.३० ला १२ आणि ०.३३ ला १३.

हे आकडे दिसायला जवळजवळ असले तरी फरक मोठा आहे. स्वर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर पहिली तार १० ची असेल तर ताण साधारण साडेसात किलो, १२ ची असेल तर साडेदहाच्या पुढे. सहा तारांचा हिशेब केलात की नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, काय ओझं येतं ते कळेल.

आता निवड. नव्याने शिकणाऱ्याला मी ११ सुचवेन. लहान मुलांना १० चालेल, पण जोरात स्ट्रमिंग केलं की ती तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून खरखरते आणि आवाजही पातळ येतो. बोटांनी छेडून वाजवणाऱ्यांना ११ पुरेसा. माइक नसताना चार-पाच गाणाऱ्यांना साथ करायची असेल तर १२ घ्या, भरीव वाजतो. १३ मात्र गिटार बनवणाऱ्या कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच. ब्रिजमागची पाटी फुगलेली दिसत असेल तर एक पायरी खालीच राहा.

गाणाऱ्यांसाठी एक उपाय मला फार आवडतो : १२ चा सेट लावून सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवा. ताण ११ च्या नेहमीच्या ताणापेक्षाही थोडा कमी होतो, खर्जाचा भरीवपणा टिकतो आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्याला साथही सोपी जाते.

खरेदी करताना पाकिटावर ‘अकॉस्टिक’ आणि ब्राँझ किंवा फॉस्फर ब्राँझ लिहिलंय का ते वाचा. इलेक्ट्रिक गिटारच्या १० च्या सेटमध्ये तिसरी तार बहुधा साधी, वेटोळं नसलेली असते. अकॉस्टिकवर ती बेसूर वाटते.

गेज बदलताना एका वेळी एकच पायरी चढा किंवा उतरा. नवीन तारा एक-दोन दिवस सुरात ठेवा आणि मग नेक तपासा. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर जाड तारांनी नेक पुढे ओढलाय. अजिबात नसेल तर बारीक तारांमुळे तो मागे गेलाय. दोन्हींवर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या फिरवता येणाऱ्या सळईचा, इलाज आहे, पण एका वेळी पाव वळसाच, आणि पहिल्यांदा जाणकाराकडूनच. सूर लावताना खुंटीजवळ ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल, तर जाड तार नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला नेकच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. खाच किंचित रुंद करून घ्यावी लागेल.

ऐन पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला, दमट हवेने लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि कालपर्यंत हलका वाटणारा सेट जड वाटू लागतो. तेव्हा लगेच नवीन गेज घेऊ नका. हवा कोरडी झाल्यावर पुन्हा वाजवून बघा.