पार्किंगच्या कोब्यावर कोणतं कोटिंग? आधी ओल तपासा

बंगल्याच्या पार्किंगमधला कोबा धूळ सोडू लागला, तेलाचे डाग पडले, की इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या टणक रंगाचा, डबा घरी येतो. पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि कंपनीला शिव्या बसतात. बहुतेक वेळा दोष खालून चढणाऱ्या ओलीचा असतो. कोब्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर मातीतली वाफ सतत वर येते. उघडा कोबा ती सोडून देतो. इपॉक्सी ती अडवतो आणि शेवटी तिच्याच दाबाने सुटतो.

म्हणून पहिली खरेदी जाड पारदर्शक प्लास्टिकची करा. ४५ सेंमी बाय ४५ सेंमीचे तुकडे कापून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. एक भिंतीलगत, एक मधोमध, एक नळाजवळ. ऊन पडेल अशी जागा नको. किमान १६ तासांनी उचला. आतून थेंब दिसले किंवा तेवढाच चौकोन गडद झाला, तर ओल आहे. ही तपासणी ऑगस्टमध्ये करा. एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा निघालेला कोबा भर पावसात वेगळाच निकाल देतो, कोकण-गोव्यात तर हमखास. तपासणी पावसाळ्यात आणि काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हा क्रम सोडू नका. नवा कोबा असेल तर आधी २८ दिवस जाऊ द्या.

ओल निघाली, तर पापुद्रा धरणारं कोणतंही कोटिंग विसरा आणि सिलिकेट डेन्सिफायर घ्या. तो कोब्यातल्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कडक करतो, धूळ थांबवतो आणि वाफेला वाट ठेवतो. फवारून २०-३० मिनिटं ओला ठेवायचा आणि उरलेला पुसून काढायचा. तसाच वाळला तर पांढरे डाग राहतात. रंग मिळत नाही, तेलाचे डागही पूर्ण थांबत नाहीत. पण सोलून निघण्यासारखं काही नसतंच. ओलीवर चालणारे खास इपॉक्सी प्रायमर मिळतात, पण खर्च बराच वाढतो, आणि घरच्या पार्किंगसाठी तो आम्हाला पटत नाही.

कोबा कोरडा असेल, तरच पुढची निवड. अॅक्रिलिक सीलर स्वस्त, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. पाण्यात मिसळायचा पातळ इपॉक्सी चालण्याच्या जागेला ठीक, गाडीखाली नको. मुंबईहून पुण्याला आलेल्या गाडीचे तापलेले टायर तो मऊ करतात आणि थंड होताना ओढून घेतात. मग चार चाकांखाली चार टकले चौकोन! गाडीसाठी १०० टक्के सॉलिड्सचा, म्हणजे वाळताना काहीही न उडता सगळाच्या सगळा थर म्हणून उरणारा इपॉक्सी घ्या. फक्त उन्हात तो पिवळा पडतो, म्हणून शटरजवळ ऊन येत असेल तर वरून अॅलिफॅटिक पीयूचा (उन्हात पिवळं न पडणाऱ्या पॉलियुरेथेनचा) हात हवाच. सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारा इपॉक्सी दिसतो छान, पण आपल्या पार्किंगला मोरीकडे ढाळ असतो आणि माल ढाळाने वाहून खाली साचतो. रोलरने लावायचाच घ्या.

हिशोब सोपा आहे. १०० टक्के सॉलिड्सचा १ लिटर माल १ चौ. मीटरवर १ मिमी थर देतो. ३ बाय ६ मीटरच्या, म्हणजे १८ चौ. मीटरच्या पार्किंगला प्रायमर २०० मिली प्रति चौ. मीटरने ३.६ लिटर, आणि १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिमी) दोन हातांना ५.४ लिटर लागतो. वर १० टक्के वाया जाणारा धरा. डब्यावर ५० टक्के सॉलिड्स लिहिलं असेल, तर तेवढ्याच जाडीला दुप्पट माल लागेल.

खरी मेहनत घासण्यात आहे. कोबा घोटताना गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरतात. त्याने वर साईसारखा गुळगुळीत, कमकुवत थर तयार होतो. रंग त्याला चिकटतो आणि मग दोघे मिळून निघतात. डायमंड कपचं ग्राइंडर व्हॅक्यूमसह भाड्याने आणा आणि बारीक सँडपेपरसारखा खरखरीतपणा येईपर्यंत फिरवा. तेलाचे डाग त्याआधीच डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवा, नाहीतर ग्राइंडर तेल पसरवतो. धुतलेला कोबा पूर्ण वाळू द्या. शेवटी पाण्याचे थेंब टाका. ते शोषले गेले तर पुढे जा. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे तेल किंवा जुना सीलर शिल्लक आहे. ॲसिड ओतून काम उरकण्याचा सल्ला मिळेल. पण ॲसिड तेलावर चालत नाही आणि नीट धुतलं नाही तर कोब्यात क्षार सोडून जातं.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणात घ्या, अंदाजाने नव्हे. मंद ड्रिलने ३ मिनिटं, कडा खरवडत ढवळा. मग दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा ढवळा. बादलीच्या कडेचा न मिसळलेला माल खरवडून जमिनीवर लावला की तिथे कायमचा चिकट पट्टा राहतो. २५ अंशाला ३०-४० मिनिटं टिकणारं मिश्रण ३५ अंशाला साधारण निम्म्याच वेळात घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि लगेच जमिनीवर ओता. काम संध्याकाळी करा. सकाळी कोबा तापताना आतली हवा वर येते आणि रंगाला टाचणीएवढी भोकं पडतात. दमट हवेत थरावर चिकट, पांढुरकी साय आली, तर पुढचा हात देण्याआधी ती कोमट पाण्याने घासून धुवा. दुसरा हात २४ तासांच्या आत. उशीर झाला तर सँडपेपर मारा.

पावसात टायर ओले येतात, पायही घसरतात, म्हणून शेवटच्या हातात बारीक सिलिका वाळू हवी. कोब्यातले मुद्दाम ठेवलेले सांधे इपॉक्सीने बुजवू नका, तिथे लवचीक पीयू सीलंट भरा. हातमोजे नायट्राइलचे घाला. हार्डनरने त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही, गाडी मात्र ७ दिवसांनी. स्कूटरच्या स्टँडखाली त्यानंतरही फळीचा तुकडा ठेवा, आणि ब्रेक ऑइल सांडलं तर तिथल्या तिथे पुसा.