पद्मिनीचं मिसफायरिंग: दोष कार्बोरेटरचा नव्हता

वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्याकडे आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची. पावसाळ्यानंतर चढावर धक्के द्यायला लागली, सायलेन्सरमधून फटफट. ज्याला विचारावं तो कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग, उघडायला सांगे. मला शंका इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची होती.

प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आतल्या पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचच्या) एका तोंडावर खड्डा, समोरच्यावर बारीक टेकाड, वर निळसर काळा थर. असं दिसलं की पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्यायचाच, कारण तो खराब असेल तर नवे पॉइंटही लवकर जळतात. दोन्ही बदलले. इंजिन हाताने फिरवून कॅमचा (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाचा) उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणला आणि फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाच्या पातीने, 0.45 मिमी गॅप धरला. पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. सैल नको, घट्ट नको. टाचेला ग्रीसचा जेमतेम ठिपका. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकतं, म्हणून तेही लावून घेतलं.

बिघाड असा डोळ्यांना दिसतो, पाना-पेचकसाने निघतो, म्हणून ही गाडी मी विकत नाही. परवा प्लग काढून पाहिले. चारही छान तपकिरी आहेत, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. कार्बोरेटर तसाच ठेवलाय.