आयरिश ट्यून शिकताय? या चुका टाळा, आणि आधी तो नोटेशनचा कागद बाजूला ठेवा

मी आयर्लंडला आलो नोकरीसाठी, काउंटी क्लेअरमधल्या एनिसला, आणि टिन व्हिसलच्या (सहा भोकांची छोटी पत्र्याची बासरी) नादाला लागलो. गेली काही वर्षं दर गुरुवारी नवशिक्यांच्या स्लो सेशनला (सगळ्यांनी मिळून सावकाश ट्यून्स वाजवायची बैठक) बसतो, दर सप्टेंबरला नवीन चेहरे येतात आणि त्याच जुन्या चुका करतात. तेच तेच बोलून तोंड दुखायला लागलं म्हणून आता लिहूनच टाकतोय.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे ट्यून आयुष्यात कधी ऐकलेली नाही आणि नोटेशन समोर ठेवून थेट वाजवायला बसायचं. हे अधिकाराने सांगतोय कारण मी स्वतः केलंय. पहिल्याच वर्षी एक जिग (6/8 तालातली नाचाची ट्यून) कागदावरून पाठ केली, आठ बारचा (बार म्हणजे आवर्तनासारखा छोटा तुकडा) पहिला भाग, आठ बारचा दुसरा, दोन्ही दोनदा, झाले 32 बार. एक सूर चुकत नव्हता, घरी एकदम खूश. एका रात्री पबमध्ये कोपऱ्यातली खुर्ची मिळाली, जरा शांतता झाली तसं धाडस करून सुरू केली. फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आणि फ्लूटवाली लगेच सामील झाले, मला वाटलं जिंकलो. दुसरा भाग येईपर्यंत फिडल मांडीवर गेलं होतं आणि फ्लूटवालीने बिअरचा पाइंट उचलला होता. मी एकटाच टक टक टक करत शेवटपर्यंत गेलो, मध्येच थांबायचं कसं तेही कळेना. शेजारी कॉन्सर्टिनावाले (हातात धरायची छोटी पेटी) एक आजोबा होते, त्यांनी अगदी मायेने विचारलं, "पुस्तकातून उचललीस ना?"

झालं काय होतं? 6/8 मध्ये जिगचे तीन सूर कागदावर सारख्या लांबीचे छापतात. वाजवताना पहिला जरा रेंगाळतो, दुसरा चिमटीत सापडल्यासारखा आखूड आणि तिसरा पुढच्याला ढकलतो. किती रेंगाळायचं ते वाजवणाऱ्यावर आणि त्याच्या मुलखावर, पूर्व क्लेअरचं निवांत वाजवणं आणि डोनेगलच्या फिडलचा तडाखा एका कागदावर मावतच नाही. हॉर्नपाइप हा नाचाच्या ट्यूनचा दुसरा प्रकार तर कागदावरून वाजवला की लष्कराची कवायत वाटते.

आणि "पण छापलंय तर असंच!" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिकागोचे तेव्हाचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी 1903 मध्ये 1850 ट्यून्सचा संग्रह छापला, आजही लोक त्याला प्रमाण मानतात. त्यांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं! ते ऐकवायचे आणि जेम्स ओनील नावाचा दुसराच माणूस (आडनाव तेच, नातं काही नाही) कागदावर उतरवायचा. म्हणजे तुमच्या हातात आहे ते एकाने वाजवलेलं आणि दुसऱ्याने ऐकलेलं.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. आठवडाभर फक्त ऐकतो, भांडी घासताना, बसमध्ये, कपडे वाळत घालताना. ट्यून गुणगुणता येत नाही तोवर व्हिसल कपाटात. मग दोन-दोन बारचे तुकडे. कागद अगदी शेवटी, एखाद्या जागी नक्की कुठला सूर आहे ते ठरेना तेव्हाच. आपल्याकडे बंदिश वहीत उतरवून घेतातच की, पण वही समोर धरून ख्याल गाणारा बघितलाय का कुणी?

आता रेकॉर्डिंगवाले. हे स्वतःला कागदवाल्यांपेक्षा शहाणे समजतात. गुरुवारच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, हुशार पण भयंकर उतावीळ. रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की सगळं बेसूर येतं म्हणून त्याने दुसरी व्हिसल घेतली, मग तिसरी, ती पितळेची, महागडी. तीन आठवडे गेले. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसूच आलं, त्यातले सगळे वादक ई फ्लॅटमध्ये, म्हणजे डीपेक्षा अर्धा सूर वर वाजवत होते. फिडल अर्धा सूर चढवून लावलं की आवाज खणखणीत येतो, म्हणून बरेच वादक तसं करतात, मग आपल्या डी पट्टीच्या व्हिसलने कितीही फुंका. इलन पाइप्सचे (आयरिश बॅगपाइप) जुन्या धाटणीचे सेट उलट खाली असतात, सी नाहीतर बी. आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मायकल कोलमनसारख्या फिडलवाल्यांनी भरलेल्या 78 आरपीएमच्या तबकड्या कधीकधी धड या पट्टीत नाहीत, धड त्या पट्टीत नाहीत, कारण तबकडीचा वेग इकडेतिकडे झाला की सूरही सरकतो. आधी ट्यून कुठल्या सुरावर येऊन विसावते ते पकडा, तो व्हिसलवर शोधा, सापडत नसेल तर ॲपमध्ये पट्टी सरकवा, ई फ्लॅट असेल तर अर्ध्या सुराने खाली आणा. दोन मिनिटांचं काम आहे, व्हिसल नंतर घ्या.

रेकॉर्डिंगचा वेग कमी करण्याबद्दलही बोलतो कारण तो शॉर्टकट मला पटत नाही. मूळ वेगाच्या 0.75 ठीक. 0.5 वर गेलात की रोल (एकाच सुराभोवती फिरणारा अलंकार) ऐकताना पाच सूर सुटे सुटे ऐकू येतात आणि माणूस ते पाचही सूर इमानदारीत वाजवायला शिकतो. पण त्यातला कट हा सूर नाहीच हो, ती टिचकी आहे! बोट उचललं न उचललं की परत ठेवायचं. आपल्यातले पेटी किंवा बासरी शिकून आलेले इथे हमखास अडकतात, कारण हात आपोआप कणस्वर द्यायला जातो, त्याला वजन देतो, आणि मग रील (वेगवान नाचाची ट्यून) ठुमरीसारखी लचकायला लागते. मी पहिला महिनाभर एकही अलंकार वाजवू देत नाही, लोक नाराज होतात, होऊ देत.

बाकीच्या फुटकळ चुका.

सी शार्प की सी नॅचरल ते आधी बघा. कागदाच्या सुरुवातीला दोन शार्प आहेत (म्हणजे सी शार्प) की एक (म्हणजे सी नॅचरल), एवढंच बघायचं असतं, तेही होत नाही लोकांच्याने.

ट्यून ओळीने तीनेकदा वाजवतात, त्यातल्या तिसऱ्या फेरीवरून शिकू नका. पहिल्या फेरीत बहुतेक जण साधं वाजवतात, तिसरीपर्यंत मजा करायला लागलेले असतात.

श्वास कुठे घ्यायचा ते कागद सांगत नाही. एक सूर चक्क गाळायचा आणि श्वास घ्यायचा, पण लय सोडायची नाही. सगळे सूर वाजवायच्या हट्टापायी जांभळे झालेले लोक बघितलेत मी.

मेट्रोनोम लावून वेग वाढवण्याबद्दल मला विचारू नका.

सेशनमध्ये फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, आणि ट्यूनचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या. एकाच ट्यूनची चार नावं असतात आणि एका नावाच्या तीन वेगळ्या ट्यून्स, त्यामुळे घरी येऊन नावावरून कागद शोधलात तर भलतंच काहीतरी शिकून बसाल. माझ्या फोनमध्ये "गुरुवार रील 14" म्हणून एक फाइल होती, ट्यून इतकी सुंदर आहे की काय सांगू. नाव विचारायला मी महिन्याभराने त्या फिडलवालीकडे गेलो, तर तिलाच माहीत नाही. पुस्तकात अशा ट्यूनच्या डोक्यावर "गन अ‍ॅनिम" छापतात, म्हणजे आयरिश भाषेत बिननावाची. फाइलचं नाव मी तेच ठेवलंय, फक्त आता त्या नावाच्या सहा फाइली झाल्यात.