आज्जीच्या हातची पुरणपोळी आणि कटाची आमटी जमत नाही? मग या चुका टाळा

होळी झाली की, बेंदूर (बैलांचा सण) झाला की घरोघरी हेच ऐकू येतं, सगळं तसंच केलं पण आज्जीच्या हातची चव काही आली नाही. मग सगळे म्हणतात तिच्या हातालाच चव होती, आणि विषय संपतो. मला वाटतं सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण हाताला चव म्हटलं की पुढे शोधायचंच बंद होतं. आमची आज्जी सांगली जिल्ह्यातली, तासगावकडची, तिच्या स्वयंपाकात जादूबिदू काही नव्हती, बारीकसारीक पन्नास गोष्टी ती न चुकता करायची आणि त्या सांगायच्या असतात असं तिला वाटायचंच नाही. पोळी, आमटी, भाकरी करताना नेमकं कुठे बिघडतं आणि बिघडलं तर काय करायचं ते इथे लिहितेय.

अंदाज म्हणजे मनाला येईल तेवढं, असं समजू नका

आज्जीला प्रमाण विचारलं की उत्तर ठरलेलं, "घाल की अंदाजानं." पण जरा विचार करा, सणाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही हा नियम. म्हणजे ती आमटी, ते पुरण, भात, भाजी सगळं न चाखता व्हायचं आणि तरी दरवेळी मीठ बरोबर असायचं. हे कसं जमायचं, तर वाटी तीच, पळी तीच, पातेलं तेच आणि मूठ पण तीच. तिचा अंदाज म्हणजे पक्कं मापच होतं, फक्त ते आकड्यात नव्हतं. त्यामुळे आज्जी अजून स्वयंपाक करत असेल तर तिच्या शेजारी काटा घेऊन बसा, ती मूठ भरेल ती आधी काट्यावर आणि मग भांड्यात, आणि तिच्या वाटीत किती पाणी मावतं ते मोजून ठेवा. बाजारातली "एक वाटी" आणि तिची वाटी यात बराच फरक निघतो.

जुन्या वहीत चिपटं, मापटं, शेर लिहिलेलं असतं, तिथे तर हमखास घोटाळा होतो. धान्य मापायचा शेर म्हणजे किलो नव्हे, ते भरून मोजायचं माप आहे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. डाळ शेराने भरलेली आणि गूळ तुम्ही वजनाने घेतलात तर पुरणाचं गणित तिथेच चुकलं. दोन्ही एकाच पद्धतीने घ्या, आणि वाटीने घेणार असाल तर गूळ बारीक चिरून दाबून भरा, कारण मोठे खडे भरले की वाटीत निम्मी हवाच असते.

पुरण सैल होतं, रवाळ राहतं, काळं पडतं

पुरण रवाळ लागतं म्हणजे डाळ कच्ची राहिली होती. हरभऱ्याची डाळ तास-दोन तास भिजवा आणि गूळ घालायच्या आधी एक दाणा दोन बोटांत दाबून बघा, काही न टोचता मोडला पाहिजे. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही, कितीही वेळ गॅसवर ठेवा. वरणात चिंच-आमसूल आधी टाकल्यावर डाळ अडून बसते ना, तशीच इथे गुळाने अडते. तरी झालंच असं, तर पुरणयंत्राची सगळ्यात बारीक जाळी लावून गरम गरम दोनदा काढा, बरंच सावरतं.

सैल झालं याचं कारण बहुतेकवेळा कट, म्हणजे डाळ शिजल्यावर उरलेलं पाणी, नीट निथळलेला नसतो. डाळ चाळणीत दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, घाई करू नका. मग जाड बुडाच्या पातेल्यात गूळ घालून आटवायला घेतलं की आधी ते पातळ होतं, तिथे घाबरून बेसन वगैरे टाकू नका प्लीज, चव गेलीच म्हणून समजा. हलवत राहायचं. आज्जी मध्ये उलथनं उभं करून हात सोडायची, ते पडलं तर अजून वेळ आहे, उभं राहिलं की पातेलं खाली. थंड झाल्यावर अजून घट्ट होतं त्यामुळे याच्यापुढे आटवू नका, नाहीतर कोरडं पडून लाटताना पोळी फाटते. कोरडं पडलंच तर दुधाचा हबका मारून गरम करा आणि मळून घ्या.

आणि पुरण गरम असतानाच वाटायचं. गार झालं की ते यंत्रातून फिरत नाही, हात मोडतो, मग मिक्सरला लावलं जातं आणि चिकट लगदा होतो. गूळ साधा घ्या, चिक्कीचा नको, गार झाल्यावर तो पुरणाला चिवट करतो. फार काळपट गूळ असेल तर पुरणाचा रंगही तसाच येणार, त्यात चूक तुमची नाही. जायफळ शेवटी ताजं किसून. आज्जी जायफळाबरोबर थोडी सुंठही घालायची, पुरण पचायला जड म्हणून.

पोळी फुटते

यावर लोक फार लांब लांब कारणं सांगतात पण माझ्या मते नव्वद टक्के वेळा एकच गोष्ट असते, कणीक आणि पुरण एकसारखं मऊ नसतं. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असलं की लाटण्याखाली पुरण पळतं आणि काठातून बाहेर येतं. दोन्ही बोटाने दाबून बघा, सारखंच दबलं पाहिजे. कणीक रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजवायची, चिमूटभर हळद, मीठ, आणि मग तेल लावत लावत तिंबायची, तिंबायची म्हणजे खरंच तिंबायची, आज्जी परातीत आपटून आपटून घ्यायची आणि ओढली की ती न तुटता लांब जायची. मग दोन तास झाकून विसरून जा. हे दोन तास वाचवायला गेलं की पुढे दर पोळीला त्रास होतो.

लाटताना मध्ये दाब देऊ नका, काठाकडे लाटा. पिठी तांदळाची घ्या. पोळी तव्यावर एकदाच, फार तर दोनदा उलटायची. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, दर पोळीनंतर तवा कोरड्या फडक्याने पुसायचा, कारण उरलेली पिठी जळते आणि चौथ्या-पाचव्या पोळीपासून सगळ्या पोळ्यांना करपट वास लागतो. आज्जीच्या तव्याशेजारी घडी केलेलं एक जुनं सुती फडकं कायम असायचं, ते त्याच्यासाठी होतं.

आमटीला ती चव का नाही

आता खरा मुद्दा, कारण पोळी एकवेळ जमते पण आमटी फसते, आणि आमच्याकडे तर पोळीपेक्षा आमटीवरच जास्त जीव. आम्ही लहानपणी आमटी वाटीने प्यायचो, भात नंतर.

पहिलं म्हणजे कट पुरेसा नसतो. कुकरला डाळीपुरतंच पाणी घातलं तर कट येणार कुठून, मग वरून साधं पाणी ओततात आणि आमटी पाणचट होते. एक वाटी डाळीला चार वाट्या पाणी घाला, डाळ शिजली की निथळून घ्या. आज्जी पुरणयंत्र आणि पुरणाचं पातेलं धुतलेलं पाणीसुद्धा आमटीतच टाकायची, काटकसर म्हणून असेल पण त्या पाण्यात पुरणाचा गोडवा आणि जायफळाचा वास असतो आणि तोच आपल्या आमटीत नसतो. यंत्र सिंकमध्ये टाकायच्या आधी एक वाटी गरम पाण्याने विसळून घ्या, एवढंच करा आणि फरक बघा.

दुसरं, मसाला जळतो. आमच्या भागात कटाच्या आमटीत कांदा-लसूण मसाला पडतो (नैवेद्याची आमटी वेगळी, तिच्यात कांदा-लसूण नाही), तिकडे पुण्याकडे गोडा मसाला. कुठलाही असो, कडकडीत तेलात टाकला की दोन सेकंदात काळा पडतो आणि आमटी कडू होते, मग गूळ वाढवून उपयोग नाही, कडूपणा जात नाही. मोहरी, कढीपत्ता झाला की गॅस बारीक करा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण परता, मग मसाला घाला, एकदा हलवा आणि लगेच कट ओता. तर्री आपोआप वर येते, त्यासाठी जास्त तेल लागत नाही. चिंचेचा कोळ उकळी आल्यावर.

तिसरं, उकळायला वेळ देत नाही. आज्जीची आमटी चुलीवर एक उकळी आली की वैलावर सरकायची, बाजूच्या त्या मंद आचेवर पोळ्या संपेपर्यंत बसलेली असायची, म्हणजे तासभर तरी. आपण पाच मिनिटं फुल गॅसवर खळखळा उकळतो आणि वाढतो. सगळ्यात बारीक गॅसवर निदान पंचवीस मिनिटं ठेवा, आणि आमटी आधी करा, पोळ्या नंतर, हा क्रम उलटा करू नका. काहीजण चुलीची चव हवी म्हणून कोळसा पेटवून धूर देतात, मला ते अजिबात आवडत नाही, त्याने ढाब्याची चव येते. चुलीचं खरं काम ती हळूहळू उतरत जाणारी आच करते.

आमटी सणाच्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे जरा जास्तच करा.

भाकरीला चिरा पडतात

थोडक्यात सांगते. ज्वारीचं पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, त्याला साधं पाणी लावून काही होत नाही, उकळतं पाणी घालून झाकून ठेवा आणि मग मळा. शक्यतो पंधरा दिवसांत संपेल एवढंच दळून आणा. एकदम सगळं पीठ मळायचं नाही, एका भाकरीपुरतं घ्यायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतो ना, ते सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली की भाकरी चिरते आणि मग फुगत नाही. ज्वारी मालदांडी मिळाली तर तीच घ्या, मंगळवेढ्याची असेल तर विचारूच नका.

मिक्सर सलग फिरवू नका

शेंगदाण्याची चटणी आज्जी खलबत्त्यात कांडायची त्यामुळे तेल सुटायचं पण दाणा जाणवायचा. मिक्सर एकसारखा फिरला की भांडं तापतं, लसूण उग्र होतो आणि चटणीचा गोळा होतो. एक-दोन सेकंद फिरवा, थांबा, हलवा, परत. लसूण आणि मीठ आधी वेगळं भरडून घेतलं तर अजून बरं.

उरलेली पोळी

मायक्रोवेव्हमध्ये टाकली की पोळी आधी मऊ आणि दोन मिनिटांत चामड्यासारखी होते, ते करू नका. पोळ्या गरम असताना एकावर एक रचून डब्यात भरू नका, वाफ धरून ओल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो, आधी कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. उन्हाळ्यात होळीच्या पोळ्या दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवायच्या असतील तर फ्रिजमध्येच टाका. खायच्या वेळी लोखंडी तवा बारीक गॅसवर ठेवून कडेने तूप सोडा आणि पोळीचा काठ कुरकुरीत होईपर्यंत शेका, बरोबर गुळवणी (गुळाचं गोड पाणी) नसेल तर गार दूध घ्या.