गावात गोदाम येतंय? आधी गावनकाशा काढा

महसूल खात्यात मी कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. गावकऱ्यांचे अर्ज टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचण्यात नोकरी गेली. बहुतेक अर्जांत एकच वाक्य असायचं: ‘सदर प्रकल्पास आम्हा ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे.’ खाली दोनशे सह्या, काही अंगठे. अशा अर्जाचं काय होतं, तर कोपऱ्यात शेरा पडतो, ‘दप्तरी दाखल’, आणि अर्ज गठ्ठ्यात जातो. यात कुणाचा दुष्टावा नसतो. त्या अर्जावर उत्तर द्यावं असं त्यात काही नसतंच.

आता मी सासरच्या गावी, भिवंडी तालुक्यात राहते. गावठाणाला लागून मोठं गोदाम येऊ घातलंय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण सुनावणी अजून व्हायची आहे. पण शेजारच्या दोन-तीन गावांतून ‘काकू, आम्ही काय करायचं?’ असे फोन येतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आमच्या भागात गोदामं का आली ते थोडक्यात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीत उतरवून ठेवायचे. तेव्हाचे गाळे बेताचे होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकच प्रचंड गोदाम ठेवणं कंपन्यांना परवडू लागलं. नाशिक महामार्ग जवळ, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. त्यामुळे आता येतात त्या एकरांनी मोजायच्या शेड, आणि त्यांच्या दारात चाळीस फुटी कंटेनर. आणि हा भाग काही ओसाड माळ नव्हे. वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) ज्यांचं नाव येतं ते गंगाजी नाईक इथल्याच अंजूरचे. लोनाडला लेणी आहेत, शिलाहारकाळातलं शिवमंदिर आहे. आमच्या गावात एवढं मोठं काही नाही. एक बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), पाराजवळचे वीरगळ (लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड), एक सतीशिळा.

नकाशा आणि सातबारा

सभा, बॅनर, मोर्चा हे सगळं नंतर. पहिल्या आठवड्यात गट नंबर काढा. ‘पाटलांच्या मळ्यापलीकडची जागा’ असं कचेरीत चालत नाही. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत. नुसतं नाव बघून ठेवून देऊ नका, ‘भूधारणा पद्धती’ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) आहे का, कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र असा शेरा आहे का, देवस्थान इनाम आहे का, ते तिथे कळतं. अशा जमिनीला विक्रीआधी सहसा परवानगी लागते, आणि लागत असून ती घेतली नसेल तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. सातबाऱ्यावर दिलेल्या फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) नंबरांचे उतारेही काढा. जमीन गेल्या काही वर्षांत कशी हातोहात फिरली ते त्यात दिसतं.

फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. पण ही हरकत त्या जमिनीत हक्क असणाऱ्याची असते. ‘शेजाऱ्याने विकू नये’ ही हरकत होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

मग गावनकाशा. यावर मी अडून बसते. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून नक्कल घ्या. महाभूनकाशावर दिसतो तो बघायला ठीक, पण शिक्क्याची नक्कल हातात हवी. नकाशा मोठ्या टेबलावर पसरा आणि गावातल्या सत्तरीपुढच्या दोन माणसांना शेजारी बसवा. ओढा कुठून येतो, पाणंद कुठून जाते, शीव कुठे, मसणवट्याची वाट कुठली, हे त्यांना बोट ठेवून सांगू द्या. मग तोच भाग मोबाइलवर उपग्रहाच्या चित्रात उघडा.

आमच्याकडे असं बसलो तेव्हा ओढा सापडला. गावनकाशावर तो बारवेच्या मागून वळून खाडीकडे उतरतो. गोदामाच्या ले-आउटवर त्याच जागी ‘ट्रक पार्किंग’ लिहिलेलं होतं. ओढ्याची रेघच नव्हती. सखूआजींनी चष्मा सरळ केला, ले-आउट उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “मग पाणी काय आकाशात जाणार व्हय?” पुढे आमच्या हरकतीतला पहिला मुद्दा हाच झाला, फक्त जरा सरकारी भाषेत.

ओढा बुजवला किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. जुना कायदा आहे, पण अजून धारदार आहे. फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ‘पावसाळ्यात बघू’ म्हणून बसलात तर मुदत निघून जाते. भरावाचे डंपर सुरू झाले की त्याच दिवशी तारीख-वेळेसह फोटो काढा आणि तलाठ्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच.) मुरूम कुठून आला, त्याची रॉयल्टी भरली का, वाहतूक पास आहे का, हे त्याच अर्जात विचारा.

परवानगी कोण देतं

लोक ग्रामपंचायतीवर चाल करून जातात. बिचारे सरपंच! बहुतेक ठिकाणी एवढ्या मोठ्या बांधकामाची परवानगी त्यांच्या हातात नसतेच. भिवंडीभोवतीच्या साठ गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, पुण्याकडे तसंच पीएमआरडीए, जिथे असं काही नाही तिथे जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय. तुमच्या गावाचं प्राधिकरण कोणतं ते आधी नक्की करा आणि त्या गटाचा झोन दाखला (जमीन आराखड्यात कशासाठी राखली आहे त्याचा) व भाग नकाशा मागा.

जमीन शेती झोनमध्ये असेल तर एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत त्या झोनमध्ये काय चालतं, त्याला रस्ता किती रुंद लागतो, ते वाचा. कंटाळवाणं आहे, पण एखादा बी.आर्क.चा मुलगा-मुलगी गावात असतेच, तिला कामाला लावा. रस्त्याची रुंदी हा गोदामाचा सगळ्यात कच्चा दुवा असतो. ले-आउटवर रस्ता बारा मीटर दाखवलेला असतो आणि मोक्यावर दोन एसटी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. टेप घेऊन जा, तीन-चार ठिकाणी मोजा, टेप धरलेला फोटो काढा. एक अख्खा दिवस अवजड गाड्या मोजून तासवार तक्ता करा. शाळा सुटायची वेळ त्यात यायलाच हवी.

‘एनए (बिगरशेती) झालेलं नाही, मग बांधकाम कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत तो वापर आधीच धरलेला असेल तर वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. ठरलेली रक्कम भरून काम होतं.  म्हणून एनएच्या एकाच मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

झोन बदलून घ्यायचा घाट असेल तर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खालच्या फेरबदलाला हरकती द्यायला एक महिना असतो, आणि तिथे कुणीही हरकत देऊ शकतं; जमिनीत हक्क असायची अट नाही. ती जाहिरात पेपरात कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. गावातल्या एकाने रोज पेपरातल्या जाहीर सूचना वाचायच्या, हे काम ठरवून द्या. आमच्याकडे निवृत्त पोस्टमन भाऊ करतात. त्यांना तसाही दुसरा उद्योग नाही.

जुन्या दगडांची नोंद

गाव ऐतिहासिक आहे एवढं म्हणून भागत नाही. तुमचं स्मारक केंद्र सरकारचं संरक्षित असेल तर गोष्ट सोपी: १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर परवानगी. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या यादीत असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागतो; तिथे हे १००-२०० मीटर आपोआप लागू होत नाहीत.

आणि बहुतेक गावांतल्या वस्तू कुठल्याच यादीत नसतात. बारव, वीरगळ, गधेगाळ (शाप कोरलेले दानाचे दगड), पडका वाडा, कागदावर यांपैकी काहीच नसतं. म्हणून यादी आपण करायची. प्रत्येक वस्तूला एक पान: चार बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, प्रस्तावित शेडपासूनचं अंतर. वीरगळावर शेंदूर आणि रंगाचे थर असतील तर खरवडू नका, तसाच फोटो काढा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम चांगलं उठतं. दगडावर अक्षरं दिसली तर स्वतः वाचून इतिहास लिहायच्या फंदात पडू नका, जाणकाराला दाखवा. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ हे हरकतीत लिहिलेलं मी नोकरीत वाचलंय. त्यानं पुढचे खरे मुद्देही हसण्यावारी गेले. यादी पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा, संरक्षणाची मागणी करा आणि पोच हरकतीला जोडा.

ग्रामसभेचा ठराव

ठरावाने परवानगी आपोआप थांबत नाही. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातली गावं सोडली तर ग्रामसभेला तसा नकाराधिकार नाही, हे गावाला आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर लोक खचतात. पण ठराव फाइलला लागला की अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती. विषय नोटिशीत आलेला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये घातलात तर समोरचा वकील तेच धरेल. सूचक, अनुमोदक, हजेरीच्या सह्या, सगळं जागेवर हवं. ठरावाचा मजकूर असा ठेवा:

‘गट क्र. … मधील प्रस्तावित गोदामाच्या ले-आउटमध्ये गावनकाशावरील ओढा दर्शविलेला नाही. पोहोच रस्त्याची मोक्यावरील रुंदी … मीटर आहे, मोजणीचे फोटो सोबत. प्रस्तावित शेडपासून … मीटरवर बारव व वीरगळ आहेत, नोंदपत्रके सोबत. सबब संबंधित प्राधिकरणाने स्थळपाहणी ग्रामस्थांच्या उपस्थितीत करावी व तोपर्यंत परवानगी देऊ नये.’

विकासाचे शत्रू, बाहेरचे लोक, भ्रष्ट अधिकारी असली भाषा नको. अर्जाची प्रत स्वतः देऊन आवक शिक्का घ्या, आणि एक स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय.

माहिती अधिकार

दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा, म्हणून निबंध लिहू नका. ‘परवानगी कशी दिली?’ असं विचारलंत तर ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल. कागदाचं नाव घ्या: मंजूर नकाशा, टिपणीच्या प्रती, रस्त्याच्या रुंदीचा दाखला, अग्निशमन व बांधकाम खात्याची ना हरकत. त्याहून चांगलं म्हणजे फाइल पाहणी मागा. पहिला तास फुकट असतो. टिपणी भाग शेवटापासून मागे वाचत जा. खालच्या कर्मचाऱ्याने आधी ‘रस्ता अपुरा’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं कधीकधी तिथेच सापडतं.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो. ‘औद्योगिक शेड’ म्हणून सूट दाखवायची पळवाट होती. ती सूट ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्यामुळे फाइलमध्ये मंजुरीचं पत्र आहे का ते बघा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, आणि मंजुरीविरुद्धच्या अपिलाला मुदत तीस दिवसांची. वकील तोपर्यंत ठरलेला हवा.

आपलीच माणसं

आता अवघड भाग. जमीन विकणारा परका नसतो. आमच्याकडे तर माझ्या चुलत दिरांनीच विकली. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, भात परवडत नव्हता, मुलांनी शेती सोडली होती. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांना मी सभेत गप्प बसवलं. काहींना गोदामात हमाली, सिक्युरिटी, टेम्पो लागेल अशी आशा आहे, आणि ती खोटी नाही; आसपासच्या गावांत कित्येक घरं गोदामाच्या भाड्यावर उभी राहिली. म्हणून ‘गोदाम नकोच’ असं न म्हणता ‘या गटावर, या रस्त्याने, हा ओढा बुजवून नको’ असं म्हणालात तर तीही घरं तुमच्या बाजूने येतात, निदान विरोधात जात नाहीत.

रस्ता रोको करू नका. गाड्या अडवल्या की तरुण पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि मग सगळं गाव जामिनाच्या धावपळीत अडकतं. वर्गणी काढाल ती पावती फाडून, हिशेब दर महिन्याला पारावर लावून. पैशाचा वास आला की अशी समिती सहा महिन्यांत फुटते.

सुनावणीची नोटीस आली की तिघांनीच बोलायचं: एकाने ओढा, एकाने रस्ता, एकाने बारव. बाकीच्यांनी शांत बसायचं, सखूआजींनीसुद्धा. नकाशाच्या रंगीत प्रती तीन घ्या, एक अधिकाऱ्यासमोर ठेवायला. शेवटी रोजनाम्यावर (सुनावणीच्या नोंदीवर) सही मागतात. तो आधी पूर्ण वाचा. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा आणि मगच सही करा.