शाळेत कृष्णवर्णीय साहित्याचं वाचन कसं भरवाल?

मुलं अमेरिकेत शिकत असतील, तर फेब्रुवारीत 'ब्लॅक हिस्टरी मंथ', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, येतोच. पालक म्हणून हातभार लावायचा असेल तर 'रीड-इन' भरवा: जमायचं आणि मोठ्याने वाचायचं. एनसीटीई या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतल्या ब्लॅक कॉकसने, म्हणजे कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने, ही प्रथा १९९० मध्ये सुरू केली.

जानेवारीतच मुख्याध्यापकांना आणि ग्रंथपालांना भेटा. शाळेतल्या कृष्णवर्णीय पालकांना त्याआधी विचारा, आणि नुसतं "येणार का?" एवढंच नको. काय वाचायचं ते ठरवतानाही ते हवेत.

खरी मेहनत निवडीत आहे. लेखक आफ्रिकन अमेरिकन असावा, हा मुख्य नियम. गुलामी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण एवढ्यावरच थांबू नका. आजी, केशरचना, बास्केटबॉल, थट्टामस्करी असं सगळं त्या साहित्यात आहे. ग्रंथपालांकडे कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराची यादी मागा. आफ्रिकन अमेरिकन लेखक-चित्रकारांच्या मुलांच्या पुस्तकांना हा पुरस्कार १९७० पासून दिला जातो, त्यामुळे बालसाहित्याची ददात नाही.

कवितेला लँग्स्टन ह्यूज उत्तम. आई मुलाला आपल्या आयुष्याचा जिना कसा होता ते सांगते, ती 'मदर टू सन' ही कविता जेमतेम वीस ओळींची. जिन्यात खिळे, कुसळं, उखडलेल्या फळ्या, आणि मध्येच 'बेअर' (bare, म्हणजे उघडा) या एकाच शब्दाची ओळ. तिथे क्षणभर थांबायचं, हे मुलाकडून घोटून घ्या. अर्धं वाचन तिथेच जमतं.

जुन्या लेखनात वर्णद्वेषी शिव्या सापडतात. तसा उतारा शिक्षकांना आधीच दाखवा किंवा सरळ दुसरा घ्या. ऐनवेळी माइकसमोर चाचपडणं नको.

प्रत्येकाला तीन मिनिटं, खुर्च्या गोलात. गुलामांचे वेश, नाट्यप्रवेश, तोंडाला रंग यांतलं काहीही नको. वर्गातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलाला "तू समजावून सांग" म्हणणं तर मुळीच नको.

तुमचं मूल सूत्रसंचालन करणार असेल, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली, हे त्याला जरूर सांगू द्या. एका मिनिटात, हं. कार्यक्रम आपला नाही.

खाण्यापिण्यावरचा खर्च आवरून, जे वाचलं ती पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला द्या. गावात कृष्णवर्णीय मालकाचं पुस्तकांचं दुकान असेल तर तिथूनच घ्या, आणि मागणी दोन-तीन आठवडे आधी नोंदवा.